अक्कांचे पायमोजे



दशलक्षण पर्व पार पडलं, क्षमावाणी झाली, उपवासवाल्यांची पारणी झाली. आता घरोघरी थंडीतल्या यात्रेचे बेत सुरू झाले असतील. आमच्या गल्लीतल्या चौघीजणी शिखरजीला निघाल्या आहेत. परवा मंदिरातून बाहेर पडताना त्यातली एक मला म्हणाली, "काकू, मी तर अनवाणीच चढणार. बोललेय तसं."

मी विचारलं, "तुला शुगर आहे ना गं? किती वर्षं झाली?"

"सात."

"आणि स्वतःचे तळवे शेवटचे कधी बघितलेस?"

ती हसायलाच लागली. तळवे कोण बघतं?

कोणीच बघत नाही. चेहऱ्याला आरसा आहे, हाताला बांगड्या आहेत, केसांना तेल आहे. पाय मात्र सकाळी घोटाभर पाणी ओतलं की झाले. म्हणून आज पायांविषयी लिहितेय. त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायला मला इतकी वर्षं लागली, कारण त्यात माझी चूक आहे.

२०१४ च्या जानेवारीत आम्ही घरची नऊ माणसं सम्मेद शिखरजीला गेलो होतो. सोबत माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का. तेव्हा त्यांचं वय त्रेसष्ट, आणि मधुमेहाला चौदा वर्षं झालेली. अक्का शिस्तीच्या. गोळी चुकवायच्या नाहीत, रात्री पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत, अष्टमी-चतुर्दशी कधी मोडली नाही.

ज्यांनी वंदना केली आहे त्यांना माहीत आहे, ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी सांगते. मधुबनपासून ९ किलोमीटर चढण, वर सगळ्या टोंकांची वंदना ९ किलोमीटर, आणि उतरण ९ किलोमीटर, अशी सत्तावीस किलोमीटरची फेरी. चोवीसपैकी वीस तीर्थंकर इथून मोक्षाला गेले. प्रत्येक टोंकावर भगवंतांचे चरण आहेत. पहाटे दोन-तीनला काठी आणि बॅटरी घेऊन निघायचं, म्हणजे दुपारपर्यंत खाली येता येतं.

त्या पहाटे धर्मशाळेच्या दारात अक्का पायरीवर बसून पायात सुती मोजे आणि त्यावर कॅनव्हासचे बूट चढवत होत्या. त्यांच्या लेकाने मुद्दाम आणून दिले होते. आणि मी, वयाने लहान, दोन पिशव्या सांभाळत उभी होते. मी म्हणाले, "अक्का, मोक्षभूमीवर मोजे-बूट घालून जाणार तुम्ही?"

एवढंच. रागाने नाही, सहज म्हणाले. आजूबाजूच्या दोघीतिघींनी वळून बघितलं. अक्कांनी काही न बोलता बूट काढले, मोजे काढले, त्यांची गुंडाळी केली आणि माझ्याच पिशवीत ठेवायला दिली.

सत्तावीस किलोमीटर ती गुंडाळी माझ्या खांद्यावर होती.

पार्श्वनाथ टोंकाची वंदना करून आम्ही खाली आलो तेव्हा माझ्या पायांची चाळण झाली होती. तळव्यांना फोड आले होते, जमिनीवर पाय टेकवत नव्हता. अक्का मात्र ताठ चालत होत्या. "मला बघ, काहीसुद्धा झालं नाही. भगवंतांची कृपा!" सगळ्यांनी त्यांचं केवढं कौतुक केलं. त्या रात्री अक्कांनी माझे पाय मांडीवर घेतले आणि खोबरेल लावून चोळून दिले. मी नको नको म्हणत होते. त्यांच्या पायांकडे मी पाहिलंही नाही.

परतीच्या गाडीत दुसऱ्या दिवशी त्यांच्या चादरीवर रक्ताचा डाग दिसला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला, दगडाची बारीक कपची रुतून बसली होती. चढताना रुतली की उतरताना, कुणालाच सांगता येईना. त्या कपचीवर त्या तासन् तास चालल्या होत्या. "दुखत नाही गं," म्हणाल्या. आम्ही ती कपची काढली, हळद-तेल दाबलं, फडकं बांधलं. दुखत नाही म्हटल्यावर काळजी कशाची? घरी आल्यावर पाहुणे, यात्रेचं जेवण, प्रसाद वाटणं. आठदहा दिवसांनी अक्कांना थंडी वाजून ताप भरला तेव्हा फडकं सोडलं. त्याचा वास मी अजून विसरलेली नाही.

मिरजेला दवाखान्यात ठेवलं. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. पाय वाचला, हेच नशीब म्हणायचं.

ऑपरेशननंतर काही दिवसांनी डॉक्टरांनी एक तपासणी केली. एका दांडीला जाड नायलॉनचा दोरा लावलेला असतो, माशाच्या गळाला असतो तसा. अक्कांना डोळे मिटायला सांगितले. "तळव्याला दोरा लागला की हो म्हणा." डॉक्टर दोरा किंचित वाकेल इतका दाबत, मग पुढच्या जागी जात. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. डॉक्टरांनी दोरा एका जागी टेकवला. अक्का गप्प. दुसऱ्या जागी टेकवला. अक्का गप्प. तिसऱ्या जागी. अक्का डोळे मिटून शांतपणे विचारतात, "डॉक्टर, सुरू केलंत का?"

तेव्हा मला कळलं की त्यांना भगवंतांच्या कृपेने दुखलं नव्हतं असं नाही. त्यांच्या पायांना दुखणं पोहोचवणाऱ्या शिराच मंदावल्या होत्या.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की बारीक नसा खराब होतात. शरीरातल्या सर्वांत लांब नसा पायांच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथून होते. आधी मुंग्या, रात्री जळजळ, कापसावर चालल्यासारखं वाटणं, आणि मग काहीच नाही. कित्येकींना तर मुंग्याही येत नाहीत, परस्पर बधिरपणाच येतो. घाम कमी होतो, त्यामुळे कातडी कोरडी पडून चिरते. त्यातच रक्तपुरवठा कमी झालेला असला तर जखम भरत नाही. चपला पायातून निसटून मागे राहिली आणि चार पावलं गेल्यावर दुसऱ्या कुणी सांगितलं, असं तुमच्या घरी कुणाचं होत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड नावाचे सर्जन होते. त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर मोठं काम केलं. लोकांना वाटायचं की त्या रोगाने बोटं झडतात. त्यांनी दाखवून दिलं की बोटं आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नाही म्हणून भाजतं, कापतं, रुततं, आणि त्या जखमांनी बोटं जातात. वेदना हा पायांचा राखणदार आहे. साखरेच्या माणसाचा राखणदार झोपलेला असतो, म्हणून राखण डोळ्यांनी करावी लागते.

माझ्या मनात मात्र दुसराच प्रश्न होता, तो डॉक्टरांना विचारण्यासारखा नव्हता. पुढच्या वर्षी आमच्याकडे आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. संध्याकाळी आम्ही बायका वैयावृत्त्याला जायचो. हजारो किलोमीटर विहार केलेले ते पाय. भेगा पडलेले, पण स्वच्छ. एकदा इतर बायका गेल्यावर मी सगळी हकिगत सांगितली आणि विचारलं, "माताजी, अनवाणी चालणं हे तप ना? मग मी अक्कांना सांगितलं ते चूक कसं?"

माताजी म्हणाल्या, अनवाणी विहार हे आमचं व्रत आहे, गृहस्थाचं नाही. गृहस्थाने शक्ती लपवू नये आणि शक्तीबाहेरही जाऊ नये. सोळाकारण भावनांमध्ये 'शक्तितस्तप' आहे, त्यातला 'शक्तितः' हा शब्द विसरायचा नाही. आणि आपल्या शक्तीचं माप आपण घ्यायचं, दुसरीचं माप आपण घ्यायचं नाही.

घरी येऊन मी बराच वेळ विचार केला. बावीस परीषहांमध्ये चर्या परीषह आहे, तृणस्पर्श परीषह आहे. काटा टोचला, खडा रुतला, तरी मुनी समताभावाने सहन करतात. पण ज्याला टोचलेलं कळतच नाही, त्याने सहन काय केलं? अक्कांच्या हातून तप घडलं असं मी सगळ्यांना सांगत होते. घडली होती ती जखम.

आणि ईर्यासमिती तरी काय शिकवते? पुढची चार हात जमीन बघून चालायचं, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. मुंगीची आपण इतकी काळजी करतो. त्याच पायाला काय झालंय ते मात्र बघत नाही. हा देहही जीवाचाच आधार आहे. देवदर्शन, सामायिक, आहारदान, सगळं त्याच्याच जोरावर होतं.

२०१९ मध्ये मलाही मधुमेह निघाला. मी १९८१ ची बी.कॉम. जन्मभर त्या डिग्रीचा उपयोग किराणा आणि दुधाच्या हिशोबाला झाला. आता मी पायांची रोजकीर्द ठेवते. वहीत चार रकाने: तारीख, उजवा, डावा, शेरा. रात्री सामायिक झालं की चांगल्या उजेडात बसायचं, जमिनीवर छोटा आरसा ठेवायचा आणि तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या बघायच्या. फोड, चीर, लाली, सूज, काळपट डाग, ओल. मग हात फिरवून बघायचं, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय का. दोन मिनिटांचं काम आहे. बहुतेक दिवशी शेऱ्यात 'निरंक' लिहायचं. गेल्या श्रावणात एका रात्री 'निरंक' लिहिता आलं नाही. डाव्या करंगळीच्या बेचक्यात चीर पडलेली. दुसऱ्याच दिवशी दाखवली, दहा दिवसांत भरली. वाकून दिसत नसेल तर सुनेला, लेकीला, मालकांना बघायला सांगा. त्यात लाजायचं काय?

आता बाकीच्या गोष्टी. यातल्या पुष्कळ साखर नसलेल्यांनाही लागू आहेत.

पाय धुवायला पाणी कोमट घ्या, आणि ते पायाने नाही, कोपराने बघा. बधिर पायाला कढत पाणी कळत नाही. थंडीत पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी साखरवाल्यांनी घेऊ नये, त्यापेक्षा मोजे घालावेत. धुतल्यावर बेचक्या मऊ पंचाने टिपून कोरड्या करा. चातुर्मासात आपले पाय सारखे ओले, मंदिरात ओले, चौक्यात ओले. त्यातून चिखल्या होतात. ती बुरशी असते. डॉक्टरांनी दिलेलं मलम पूर्ण दिवस लावायचं, खाज थांबली म्हणून मध्येच सोडायचं नाही. चिखल्यांच्या चिरेतूनच मोठा संसर्ग आत शिरतो.

भेगांना रात्री खोबरेल, आमसुलाचं तेल किंवा व्हॅसलीन चोळा आणि वर सुती मोजे घाला. तेलकट पायाने तसंच फरशीवर चालू नका, घसरून पडाल. बोटांच्या मध्ये मात्र काही लावायचं नाही, तिथे ओल साचते. वज्री हलक्या हाताने, आंघोळीत कातडी मऊ झाल्यावर. रक्त येईपर्यंत घासणं म्हणजे स्वच्छता नव्हे. साखर असेल तर वज्री घासायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

नखं सरळ कापा. कोपरे खोलवर कोरले की नख मांसात वाढतं आणि नखुरडं होतं. कुरूप ब्लेडने कापू नका. औषधांच्या दुकानात कुरुपाची पट्टी मिळते, तिच्यात कातडी विरघळवणारं आम्ल असतं. साखरवाल्यांनी ती स्वतःच्या मनाने लावायची नाही. कुरूप मुळात होतं ते चपलेच्या दाबाने, तेव्हा आधी चप्पल बदला.

सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते आणि चार पावलं चाललं की कमी होते, असं पन्नाशीनंतर फार जणींना होतं. तळव्याखालचा जाड पडदा ताणला जातो म्हणून ते दुखतं. भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, टाच जमिनीला, पोटरीला अर्धा मिनिट ताण द्यायचा. असं तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. तळव्याखाली पाण्याची बाटली घोळवली तरी बरं वाटतं. ओट्यापाशी तासन् तास उभं राहताना खाली जाडसर रबरी पट्टी टाका.

जोडवी घट्ट झाली असतील तर काढून मोठी करून घ्या. सूज चढल्यावर बोटाला काच बसतो आणि बधिर बोटाला तो कळत नाही. जोडवी काढली म्हणून काही अशुभ होत नाही. बोट काढावं लागतं, ते मी पाहिलंय.

चप्पल संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. लांब बोटाच्या पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, पुढचा भाग रुंद हवा, मागे पट्टा हवा. चामडं आपल्याला नको असतंच. कॅनव्हासचे बूट चांगले. बधिर पायांसाठी एमसीआर रबराच्या मऊ चपला मिळतात. विचारून घ्या, वरचा पट्टाही चामड्याचा नको म्हणून सांगा. घालण्याआधी आत हात घालून बघा. खडा, टाचणी, आणि हो, एखादा जीवही असतो आत.

घरात अनवाणी फिरू नका म्हटलं की आपल्या बायकांची अडचण होते, कारण चौक्यात चप्पल चालत नाही. मी तळव्याला रबरी ठिपके असलेल्या सुती मोज्यांचे तीन जोड फक्त चौक्यासाठी ठेवलेत. रोज धुतलेला जोड घालायचा, बाहेर घालायचा नाही. सासूबाई असत्या तर त्यांनाही पटलं असतं असं मला वाटतं. एप्रिल-मे महिन्यात मंदिराच्या अंगणातली फरशी दुपारी तापते. तिथेही मोजे घाला, नाहीतर सकाळी लवकर दर्शन घ्या.

तंबाखू आपल्यात नसते असं आपण म्हणतो, पण मिश्री लावणाऱ्या मला माहीत आहेत. मिश्री म्हणजे तंबाखूच. ती रक्तवाहिन्यांना बाधते.

आणि शेवटचं. साखर असलेल्या माणसाच्या पायाला लहानशीही जखम झाली तर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी दाखवा. लाली पसरतेय, सूज आहे, पू आहे, वास आहे, बोट काळं पडतंय, ताप आहे, तर रात्रीसुद्धा थांबू नका. "दुखत नाही" हे न जाण्याचं कारण नाही, लगेच जाण्याचं कारण आहे. वर्षातून एकदा ती नायलॉनच्या दोऱ्याची तपासणी करून घ्या.

आता क्षमावाणीचं सांगते. दरवर्षी मी अक्कांच्या पाया पडून 'उत्तम क्षमा' म्हणत आले, सगळेच म्हणतात तशी. जाणतेपणी-अजाणतेपणी झालेल्या चुकांची क्षमा. त्या एका चुकीचं नाव मात्र कधी घेतलं नाही. या वर्षी वाकले तर समोर त्यांचा उजवा पाय, तीन बोटांचा. मी तिथेच बसले आणि म्हणाले, "अक्का, शिखरजीला मी तुम्हाला मोजे काढायला लावले. त्याची क्षमा मागायची राहिली."

अक्का थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुझ्यामुळं नव्हे गं. त्या दोघी वळून बघायला लागल्या ना, म्हणून काढले मी. लोकं काय म्हणतील म्हणून. देवासाठी काढले असते तर एवढं वाईट वाटलं नसतं मला." आणि मग, "पण तू बोललीस ते बरं झालं. मला वाटायचं, तुझ्या लक्षातच नाही."

अकरा वर्षं त्यांना वाटत होतं की माझ्या लक्षात नाही.

मैत्रिणींनो, येत्या थंडीत आम्ही दोघी परत शिखरजीला जातोय. माझ्या पायांना अजून संवेदना आहेत, डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली आहे. मी कॅनव्हासचे बूट आणि जाड मोजे घालून चढणार. टोंकाच्या बाहेर बूट काढायचे, मोजे स्वच्छ, आणि चरणांना डोकं टेकवायचं. अक्का डोलीत बसणार. "पायात बूट घालून डोलीत बसणार मी, आणि डोलीवाल्यांशी घासाघीस करायची नाही. त्यांच्या पायातही बघ काय असतं ते," असं त्यांनी आत्ताच बजावलंय. डोलीवाल्यांसाठी चार जोड बूट घ्यायचे आहेत, मापं तिथे गेल्यावर.

तुम्हीही जाल तेव्हा धर्मशाळेच्या दारात कुणी मोजे घालत बसलेली दिसली, तर वळून बघू नका. जमलं तर तिची पिशवी धरा.

आज रात्री सामायिक झालं की दिवा बंद करण्याआधी दोन मिनिटं तळवे बघा.

जय जिनेंद्र.